वणव्याच्या मोसमात खान्देश: मोटारसायकलवरचे पाच दिवस

पहिला दिवस : धुळे, पाटणादेवी, कन्नड घाट

मार्चअखेरीला खान्देशात फिरायला निघालोय म्हटल्यावर आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पारा चाळिशीला टेकलेला, दुपारी धुळ्याच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि आम्ही दोघं डोंगरात निघालेले. पण पुण्याचा मेहुणा हट्टाला पेटला होता. "पावसाळ्यात सगळेच जातात, दाजी. मला सुका सातपुडा बघायचाय." सुका म्हणजे किती सुका, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

पहाटे निघालो, चाळीसगावला पोहे खाल्ले आणि पाटणादेवीला पोहोचलो. चंडिकेचं दर्शन झालं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, साधारण २६० चौरस किलोमीटरचं. श्रावणात इथे गाडी लावायला जागा मिळत नाही. आत्ता आम्ही, दोन माकडं आणि एक चहावाले आबा. झाडांवर पान नव्हतं, सगळी पानं खाली. सागाचं वाळलेलं पान पत्रावळीएवढं असतं, पाय पडला की पापड मोडल्यासारखं वाजतं. इथे घोट्यापर्यंत पापडच पापड होते.

"हे पेटलं तर?" मेहुण्याने विचारलं.

आबा चहा गाळत होते. "आपोआप पेटत नही भाऊ, लावतस लोके."

"कोण लावतं?"

"समदास्ले माहीत शे. नाव कोनी लेत नही."

एवढं बोलून त्यांनी पैसे घेतले आणि विषय बंद केला.

ऊन उतरल्यावर कन्नड घाट चढलो. याला औट्रम घाटही म्हणतात, इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमच्या नावावरून. १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभारणारा तो हाच. धुळे-सोलापूर महामार्ग इथून वर जातो, त्यामुळे २०२३ मध्ये जड वाहनांना बंदी येईपर्यंत इथे ट्रकांची रांग कायमचीच असायची. अर्ध्या घाटात मेहुण्याने पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या वरचा उतार काळाकुट्ट, खालचा उतार पिवळ्या गवताचा, आणि मध्ये डांबराची पट्टी. कोणीतरी पट्टी लावून आखल्यासारखं. आग वरून उतरत आली, डांबरापाशी तिला खायला काही मिळालं नाही आणि थांबली. किंवा रस्त्यावरच्या कुणाच्या विडीने सुरू झाली आणि वर चढत गेली. दोन्हींतलं काय घडलं ते उताराकडे बघून सांगता येत नव्हतं. पुढचे चार दिवस मी प्रत्येक रस्त्याकडे याच प्रश्नाने बघत होतो.

काळ्या उतारावरून अधूनमधून एखादा दगड गडगडत खाली यायचा. गवताची मुळं जळाली की बारीक दगडाला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. या घाटाचा तसाही भरवसा नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत इथे दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता आणि त्याच दिवशी खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं होतं. ते पावसाचं काम, वणव्याचं नव्हे. पण डोंगराची कातडी अशी उघडी बघितली की तो दिवस आठवतोच.

दुसरा दिवस : चाळीसगाव ते पाल

आजचा दिवस नुसता रस्त्याचा. पाचोरा, जळगाव, भुसावळ, तिथे तापी ओलांडली आणि फैजपूर-सावद्यावरून रावेर. तापीच्या अलीकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, पलीकडे केळीच केळी. फैजपूरच्या पुढे एका गव्हाच्या शेतात काड पेटवून दिलं होतं आणि धूर रस्त्यावर आडवा पडला होता. समोरचा केळीचा ट्रक दिवे लावून बैलगाडीच्या चालीने चालला होता. शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवर बोलत होता. आग राखायला दुसरं कोणी नव्हतं.

रावेरला शेवभाजी खाल्ली. मेहुण्याने "थोडी कमी तिखट" मागितली, तेव्हा वाढणाऱ्या पोराने त्याच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की तो मुकाट्याने जेवला.

पाल म्हणजे रावेर तालुक्यातलं सातपुड्याच्या कुशीतलं गाव. शेजारी १९६९ सालचं यावल अभयारण्य, पलीकडे मध्य प्रदेश. संध्याकाळी हवा बरी होती. मुक्कामाच्या जागी पोहोचलो तर फाटकाशीच एक वनरक्षक दादा बसले होते आणि त्यांच्यासमोर चार-पाच पोरं खराट्यांच्या काड्या आवळून बांधत होती. बाजूला पाठीवर घेऊन पाला उडवायचे दोन ब्लोअर, पेट्रोलचा कॅन, आणि कपाशीवर फवारणी करायचे पंप. मेहुण्याला वाटलं सफाई मोहीम आहे.

तिसरा दिवस : पाल

सकाळी दादांशी गप्पा झाल्या. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच्या आधी जाळरेषा काढायच्या. म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करायचा आणि त्यातलं गवत-पाला आपल्या देखरेखीखाली जाळून टाकायचा, जेणेकरून उद्या आग आली तर त्या पट्ट्यापाशी तिची उपासमार व्हावी. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की सागाला सरकारी तारखा कळत नाहीत. तो मार्चभर पानं टाकतच राहतो. आज झाडलेली रेषा आठवड्याने पुन्हा पानांनी भरते. म्हणून ही हंगामी पोरं, ज्यांना सगळे फायर वॉचर म्हणतात, ती रोज मैलोन्‌मैल झाडत जातात. आमच्याकडे वणवा म्हटलं की डोळ्यासमोर ज्वाळा येतात, या पोरांना खराटा आठवत असेल.

"आणि आग लागल्याचं कळतं कसं?" मेहुण्याचा प्रश्न.

दादांनी मोबाईल दाखवला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून संदेश येतो. उपग्रहाला जमिनीवर गरम ठिपका दिसला की तो कुठल्या बीटमध्ये, म्हणजे कुठल्या वनरक्षकाच्या हद्दीत, आणि जंगलाच्या कुठल्या कक्षात आहे ते अक्षांश-रेखांशासह त्या त्या माणसाला कळवतात. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण ३७५ मीटरचा चौकोन. "पण उपग्रह जातो दुपारी दीड-दोनला आणि रात्री दीड-दोनला," दादा म्हणाले. "दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसते. आणि मेसेज आला तरी इथे टॉवर कुठाय? आपला उपग्रह म्हणजे बकऱ्या चारणारं पोरगं. ते टेकडीवर चढून शिट्टी मारतं."

लावतं कोण, हा प्रश्न मी पुन्हा विचारला. दादांनी बोटांवर कारणं मोजली. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पानांत लपतात, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि पेटवून घरी जातात. नवं गवत लवकर फुटावं म्हणून चराईवाले पेटवतात. तेंदूची पालवी चांगली यावी म्हणून कोणी, शिकारीसाठी कोणी, जमीन मोकळी व्हावी म्हणून कोणी. "आणि गाडीतून विडी-सिगारेट टाकणारे तुमच्यासारखे." मेहुणा सिगारेट ओढतो. त्याने पाकीट खिशात आणखी खोल सरकवलं.

दुपारी चारच्या सुमाराला दक्षिणेकडच्या नाल्यातून धुराची सोंड वर आली. कोणी आरडाओरड केली नाही. पोरांनी खराटे उचलले, ब्लोअर जीपमध्ये पडले. आमची मोटारसायकल मागे. अभयारण्यात असं पायी घुसता येत नाही आणि आम्हाला तशी हौसही नव्हती, पण आग चालली होती ती थेट रावेरच्या घाटरस्त्याकडे, आणि तो रस्ता सगळ्यांचाच.

वणवा जवळून बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती त्याची उंची. सिनेमातल्यासारखा तो झाडाच्या शेंड्यावर नव्हता. गुडघाभर उंचीची एक नारिंगी किनार, वाकडीतिकडी, उतारावरून वर सरकणारी. तिच्या मागे सगळं काळं, पुढे सगळं पिवळं. सपाटीला ती माणसाच्या चालीने चालते. चढ लागला की ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवून ठेवतात, आणि मग ती पळत सुटते. रोशा गवताच्या पट्ट्यात शिरली तेव्हा तर फुत्कार टाकल्यासारखा आवाज आला. या गवतापासून तेल काढतात, म्हणजे ते जळतं कसं ते समजा. मध्येच बांबूची बेटं फुटायची, दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखी.

"वरच्या अंगाला उभं राहायचं नाही," दादांनी आम्हाला बजावलं. "घाबरलात तर जळून गेलेल्या बाजूला पळायचं. तिथे पुन्हा काही जळत नाही."

"बंब का नाही बोलावत?" मेहुण्याने अखेर तो प्रश्न विचारलाच.

एक पोरगा हसला. बंब डांबरावर उभा राहणार, पाइप जेमतेम उतारावर पोहोचणार, टाकीतलं पाणी काही मिनिटांत संपणार, आणि मग भरायला खाली सपाटीवर. आगीची किनार तोवर टेकडी पार करून जाईल. इथे पाणी फवारणीच्या पंपातलं, पंधरा-सोळा लिटर, आणि तेही फक्त ओंडके विझवायला. बाकी सगळं काम खाण्याचं ताट तिच्यापुढून काढून घ्यायचं.

ठरलं असं की रस्त्यावरच तिला अडवायचं. रस्ता म्हणजे आयती जाळरेषा. फक्त त्याच्या कडेला आणि गटारात वर्षाचा पाला साचलेला, तो आधी हटवायला हवा. ब्लोअरवाले पुढे, खराटेवाले मागे. दोन पोरं नाल्यात उतरून जांभळाच्या ओल्या फांद्या तोडून आली, कारण वरती कुठल्याच झाडाला हिरवं पान नव्हतं. या फांद्यांनी आग झोडपायची. झोडपायचीसुद्धा एक रीत आहे. जोरात आपटलं की ठिणग्या उडतात आणि दुसरीकडे पेटतं. फांदी ठेवायची, दाबायची, जळालेल्या बाजूकडे ओढायची. मी दोनदा आपटली आणि शिव्या खाल्ल्या.

तोवर रस्त्यावर दोन्हीकडून गाड्या थांबल्या. रावेरकडून येणारी एसटी, केळीचे दोन रिकामे ट्रक, आणि पालकडून उतरणारा वऱ्हाडाचा टेम्पो. नवरदेव पुढच्या सीटवर, डोक्याला फेटा, डोळ्यांतून धुराने पाणी. लग्न खालच्या गावाला संध्याकाळचं. मुलीकडचे फोन लावत असणार, पण इथे रेंज नाही. नवरदेवाचे मामा खाली उतरले, एकदा आगीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि टेम्पोकडे वळून ओरडले, "उतरा रे सगळे!" मग जे झालं ते मी विसरणार नाही. कोऱ्या शर्टातली वीस-पंचवीस माणसं रस्ता झाडायला लागली. खराटे पुरले नाहीत तर पळसाच्या डहाळ्या घेतल्या. ताशेवाला मात्र ताशा पोटाशी धरून बसून राहिला. कातडं तापलं तर वाजणार नाही, म्हणे. कायद्यात तसं जंगलाशेजारच्या काही लोकांवर मदतीचं बंधन आहे, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९. त्या मामांना ते कलम माहीत असेल असं मला वाटत नाही. त्यांना मुहूर्त गाठायचा होता.

अंधार पडला तसा वारा फिरला. दिवसा तो दरीतून वर चढतो, रात्री डोंगरावरून खाली उतरतो. दादा याचीच वाट बघत होते. आता रस्त्याच्या कडेने, साफ केलेल्या पट्टीच्या आत, त्यांनी स्वतःच आग लावली. मेहुणा हबकला. याला ही मंडळी काउंटर म्हणतात. रस्त्याकडून निघालेली छोटी आग खालून येणाऱ्या मोठ्या आगीच्या दिशेने चालत जाते, मधलं गवत संपवते, आणि दोन्ही भेटल्या की दोघींनाही जळायला काही उरत नाही. भेटल्या तेव्हा एकदम उंच भडका झाला, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी धग आली, आणि अर्ध्या मिनिटात सगळं बसलं.

संपलं असं वाटलं तर रस्त्यालगतच्या पोकळ सालईने दगा दिला. आतून पेटलेली, धुराड्यासारखी, वरच्या ढोलीतून ठिणग्यांचं कारंजं. त्या ठिणग्या रस्ता ओलांडून वरच्या, न जळालेल्या उतारावर पडायला लागल्या. सगळे तिकडे धावले. एकेक ठिणगी हुडकून पायाने, खराट्याने, पंपाने विझवत बसलो. साडेदहाला ते झाड स्वतःच रस्त्यावर आडवं झालं. कुऱ्हाडीने दोन तुकडे केले, ट्रकचा दोर लावून ओढलं, आणि अकराच्या पुढे एसटी हलली. दरीत थंड हवेबरोबर धूरही उतरून साचला होता. कंडक्टर टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे चालत होता आणि ड्रायव्हर त्या उजेडामागे. वऱ्हाडाने जाताना आम्हाला जेवायला बोलावलं. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण नवरदेव हसत होता. त्याच्या फेट्यावर राख पडली होती आणि ती झटकायची कोणाला सुचली नाही.

चौथा दिवस : पाल ते चोपडा, शिरपूर

पहाटे पुन्हा त्याच जागेवरून गेलो. पोरं घरी गेलीच नव्हती. विझलेल्या आगीतले ओंडके आणि बुंधे आतून धुमसत राहतात आणि दुपारचा वारा आला की उठतात, म्हणून पहाटेच निखारे शोधायचे. दादा राखेवर उकिडवे बसून हात टेकवत पुढे सरकत होते, तळहात नाही, हाताची मागची बाजू. "तळवा भाजला तर काम थांबतं," म्हणाले. रस्त्याकडेचा वनखात्याचा फलक अर्धा करपला होता. वरचं "जंगलात आग लावणे हा गुन्हा" एवढं वाचता येत होतं, खालच्या शिक्षेच्या ओळी फोड येऊन निघाल्या होत्या.

सपाटीला उतरलो आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरला. डावीकडे केळी, उजवीकडे दूरवर सातपुड्याची निळी भिंत, तिच्यावर दोन-तीन ठिकाणी धुराचे धागे. यावलच्या पुढे पाणी प्यायला एका मळ्यात थांबलो. मळ्याचे मालक, साठीचे नाना, आम्हाला घेऊन शेताच्या टोकाला गेले. आठवड्यापूर्वी डोंगराकडून बांधावरच्या गवतातून आग आत आली होती. केळीचं खोड पाण्याने भरलेलं, ते जळत नाही. कडेची दोन रांग पानं करपली होती, एवढंच. जळाल्या त्या ठिबकच्या नळ्या. वितळून मातीला अशा चिकटल्या होत्या की खरवडून काढल्याशिवाय निघेनात, काळ्या शेवया सांडल्यासारख्या. मार्च-एप्रिलमध्ये केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर घडाचं काय होतं ते खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. नानांनी दुसऱ्या दिवशीच उधारीने नळ्या आणून जोडल्या.

"पंचनामा झाला?"

"एका कचेरीत म्हणतात आग जंगलातून आली, त्यांना विचारा. दुसऱ्या कचेरीत म्हणतात शेतात पेटली, तिकडे विचारा." नाना हसले. "मी म्हटलं, आगीलाच विचारून येतो."

चोपड्याला उन्हात दोन तास एका टपरीत काढले, उसाचा रस तीन-तीन ग्लास. शिरपूरला मुक्काम. मेहुण्याने अंघोळ केली तर पाणी काळं निघालं म्हणून ओरडत आला.

पाचवा दिवस : शहादा, तोरणमाळ आणि घर

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळची चढण लागली. सात पायरी घाटातले वळसे मोजता मोजता मेहुण्याला मळमळायला लागलं, म्हणून एका मोहाखाली थांबलो. इथला डोंगर मिश्र होता. एक उतार जळालेला, शेजारचा जसाच्या तसा.

शहाद्याजवळच्या याच पायथ्याच्या जंगलात नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा, एक छोटं घुबड, पुन्हा सापडला होता. १८८४ नंतर ११३ वर्षं कोणी खात्रीने बघितला नव्हता, नामशेष झाला असं धरून चाललेले सगळे, आणि पामेला रासमुसेन, बेन किंग, डेव्हिड अबॉट या तिघांना तो इथे झाडावर बसलेला दिसला. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मला परवा रात्रीची ती पोकळ सालई आठवली. जमिनीवरची आग उभ्या सागाचं फारसं बिघडवत नाही, बुंधा काळा करून पुढे जाते. पोकळ, म्हातारी झाडं मात्र आतून धरतात आणि उभी जळतात, ढोलीसकट. आम्हाला रानपिंगळा दिसला नाही. मोटारसायकलवरून तो दिसावा ही अपेक्षाही नव्हती.

आम्ही थांबलो त्या मोहाखाली एक पावरा आदिवासी मावशी आणि तिची नात फुलं वेचत होत्या. झाडाखाली अंगणासारखं लख्ख वर्तुळ झाडलेलं. मी न राहवून विचारलं, पाला पेटवत नाही का?

मावशी कंबर धरून सरळ झाली. "आधी पेटवायचो. मागच्या साली आग उठून वरच्या पाड्यातले झोपडे गेले. चारा गेला, डिंकाची झाडं गेली. आता झाडते." मग खराटा नातीकडे देत म्हणाली, "पेटवायला काडी लागते. झाडायला सकाळ जाते."

नात बोलत नव्हती, नुसती झाडत होती. पांढरट, द्राक्षासारखी गुबगुबीत फुलं तिच्या टोपलीत, आणि सगळीकडे तो गोड, जड वास. मावशीने दोन ओंजळी मेहुण्याच्या रुमालात बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत. "लाडू कर म्हणावं बायकोला." त्याचं लग्न व्हायचंय हे त्याने सांगितलं तेव्हा मावशी इतकी हसली की पुन्हा बसली.

तोरणमाळला यशवंत तलावावर तासभर वारा खाल्ला, सीताखाईत डोकावलो, खाली सगळं धुरकट. गोरक्षनाथाच्या देवळाबाहेर मेहुण्याने वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ मोबाईलमध्ये साठवला, मग रेंज नाही हे त्याच्या लक्षात आलं. उतरताना त्याने पाकिटातली उरलेली सिगारेट ओढली, थोटूक पाण्याच्या बाटलीत बुडवून बाटलीचं झाकण लावलं, आणि ती बाटली धुळ्यापर्यंत हातात धरून बसला.

रात्री घरी पोहोचलो. बायकोने डिकी उघडली, मोहाच्या फुलांचा वास नाकात गेला, मग माझ्या शर्टाचा धूर हुंगला, मग भावाकडे बघितलं.

"दोघं नक्की जंगलातच होतात ना?" ती म्हणाली.